कुंडी बदलली, आता हात आवरा

श्रोतेहो, नमस्कार.

वसंताची चाहूल लागली, कळ्या टपोऱ्या झाल्या, की बोन्सायवाल्यांची कात्री, चाळण आणि तार बाहेर निघते. मुळं छाटायची, जुनी माती झाडायची, नव्या मातीत झाड बसवून तारेनं कुंडीला बांधायचं, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. मी बोलणार आहे ते त्यानंतरच्या सहा आठवड्यांबद्दल. कुंडी बदलताना झाड सहसा मरत नाही, मरतं ते या सहा आठवड्यांत.

कारण सरळ आहे. मुळांचा तिसरा हिस्सा आपण छाटलेला असतो आणि पाणी शोषणारी केशमुळं त्यातच गेलेली असतात. वर मात्र पालवी उलगडतेय आणि तिला पाणी हवंय. म्हणून मुळं पुन्हा फुटेपर्यंत पानांची तहान कमी ठेवायची. त्यासाठी दोन-तीन आठवडे उजेडाची सावली, आणि वाऱ्याला आडोसा. आडोसा विसरू नका, तो सावलीइतकाच महत्त्वाचा.

आडोशाचा विषय निघाला की एका झाडाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1976 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, तेव्हा जपाननं भेट म्हणून 53 बोन्साय पाठवले. त्यात एक पांढरा पाइन होता, मासारू यामाकी या बोन्साय-गुरूंनी दिलेला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात तो ठेवला गेला. झाड जुनं, 1625 पासून कुंडीत घडवत आणलेलं, एवढंच तिथल्या लोकांना माहीत. पाणी घालत होते, पाइनची सुईसारखी पानं निवडत होते. अशी पंचवीस वर्षं गेली.

2001 साली यामाकींचे दोन नातू ते झाड बघायला आले आणि त्यांनी सांगितलं, हे झाड हिरोशिमाचं आहे. 6 ऑगस्ट 1945 च्या सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला, तेव्हा ते स्फोटाच्या जागेपासून जेमतेम तीन किलोमीटरवर होतं. घराच्या काचा फुटून उडाल्या, आतल्या माणसांना किरकोळ जखमा झाल्या, माणसं वाचली. आणि बाहेर, बागेच्या उंच भिंतीआड उभा असलेला पाइनही वाचला. भिंतीआड, श्रोतेहो! आणि देणाऱ्यानं देताना यातलं अवाक्षर काढलं नाही. ज्या देशानं बॉम्ब टाकला त्यालाच झाड दिलं, आणि गोष्ट स्वतःपाशी ठेवली. हल्ली पाच वर्षांच्या रोपाला ‘पुरातन’ म्हणून चिठ्ठी लावतात, ते आठवतं मग.

आता जरा हिशेब करा. पाच वर्षांतून एकदा कुंडी बदलली असं धरलं, तरी 1625 पासून 1945 पर्यंत त्या झाडाची मुळं साठाहून जास्त वेळा छाटली गेली असणार. दर वेळी पुढचे सहा आठवडे कुणीतरी नीट काढले, म्हणून बॉम्ब सोसायला ते झाड तिथं होतं.

तर आडोसा. वारा पानं सुकवतो हे खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे झाड हलवतो. नवं मूळ पांढरं आणि काकडीसारखं कडक असतं, खोड झुललं की कटकन मोडतं. तपासायचं असं : खोड दोन बोटांत धरून हलकेच ढकला. झाडाबरोबर कुंडीही हलली, तर बांधणी पक्की. झाड एकटंच डुललं, तर तार सैल आहे, आजच आवळा.

पाणी. पहिल्या दिवशी बारीक झारीनं, थांबून थांबून, खालच्या भोकांतून गढूळ पाणी यायचं बंद होईपर्यंत. मातीतली धूळ तेव्हाच निघून जायला हवी, नाहीतर ती तळाशी बसते आणि निचरा थांबतो. पुढे मात्र रोजचा रतीब नको. छाटलेली मुळं पाणी कमी उचलतात, कुंडी ओली राहते, हवा कोंडते, मुळं कुजतात. बांबूची काडी मातीत मध्यापर्यंत खोचा आणि दहा मिनिटांनी काढा. काळपट, ओली निघाली तर झारी ठेवून द्या. मातीवर शेवाळाची गादी घालायची हौस या काळात नको. छान दिसते, पण खाली काय चाललंय ते कळू देत नाही. आणि पानं मलूल दिसली की पाणी ओतायची घाई करू नका. कुजलेल्या मुळांचं झाडही तसंच मान टाकतं. आधी काडी बघा.

रात्री पारा शून्याकडे उतरणार असेल, तर कुंडी आत घ्या. नवी मुळं गोठली की संपली. कोंबांचे शेंडे खुडू नका, मुळं फुटायचा निरोप तिथूनच खाली जातो. खत अजिबात नाही. ताज्या कापांवर ते झोंबतं. सहा आठवड्यांनी पानं गडद, टणक झाली की अर्ध्या मात्रेनं सुरू करा. बांधणीची तार मात्र तेव्हाही सोडू नका, आणखी चार-सहा महिने राहू द्या. मुळांत रुतत नाही ना, एवढं अधूनमधून बघा.