ताळा पडतो, तरीही

शाळेत गुरुजी गुणाकाराचा ताळा करायला लावायचे, आठवतं? २३ गुणिले १४. दोन आणि तीन पाच, एक आणि चार पाच, पाच पंचे पंचवीस, दोन आणि पाच सात. उत्तर ३२२, त्याच्या अंकांची बेरीजही सात. ताळा पडला! पण घाईत एखाद्यानं ३२२ ऐवजी २३२ लिहिलं तर? बेरीज सातच येते. ताळा पडतो आणि उत्तर चुकलेलं असतं. मोबाईल कंपन्यांच्या रेव्हेन्यू अॅश्युरन्स विभागांत माझी बरीच वर्षं गेली. त्या कामाबद्दल बोलायचं तर मला या २३२ पासूनच सुरुवात करावी लागते.

या विभागाच्या नावाला धड मराठी शब्द नाही. कंपनीचे पैसे कुठे सांडतात ते पाहायचं, म्हणून आम्ही आपसात ‘गळती शोधणं’ म्हणायचो. तुम्ही फोन केला की स्विचमध्ये, म्हणजे कॉल जोडणाऱ्या यंत्रात, त्याची नोंद होते, तिला सीडीआर म्हणतात. ती नोंद मिडिएशन नावाच्या मधल्या टप्प्यातून जाते, तिथे गाळली-निवडली जाते, मग तिला दर लागतो, मग ती बिलात येते. प्रत्येक टप्प्यावर काही ना काही सांडतं. स्विचनं दहा लाख नोंदी दिल्या आणि बिलिंगला दोन हजार कमी पोहोचल्या, तर त्या कुठे गेल्या हे ताळा करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे आमचं टूल, मिनिटांत सांगतं. आम्ही कधीकाळी हे एक्सेलमध्ये करायचो. त्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. फाईल उघडता उघडता कॉम्प्युटर बसायचा.

आता घड्याळाची गोष्ट. तेव्हा एका योजनेत रात्री अकरानंतर कॉल फुकट होते. कॉल सेंटरकडे तुरळक तक्रारी यायच्या: ‘अकरानंतर बोललो, तरी पैसे कापले.’ टूलवर सगळं हिरवं. नोंदींची संख्या जुळते, मिनिटं जुळतात, रक्कम जुळते. आमच्यात एक ज्येष्ठ सहकारी होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे; आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेलं. त्यांनी तक्रारींचे पत्ते पाहिले आणि म्हणाले, ‘अरे, हे सगळे एकाच स्विचखालचे आहेत.’ त्या रात्री ते स्वतः तिथे गेले आणि अकरा वाजून तीन मिनिटांनी टेस्ट सिमवरून कॉल लावला. सकाळी नोंद काढली, तर वेळ १० वाजून ५६ मिनिटं. स्विचचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं! बिलिंगला वेळ त्याच स्विचकडून मिळत होती, म्हणून दोन्हीकडे एकच चूक होती आणि ताळा पडत होता.

आणि एक गोष्ट मला आजही खुपते. ही गळती उलटी होती. पैसे कंपनीचे बुडत नव्हते, ग्राहकाचे जात होते. आमच्या टूलमधले बहुतेक अलार्म तोटा झाला तरच वाजायचे, कारण आम्हीच ते तसे लावले होते. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं २००६ साली मीटरिंग आणि बिलिंगच्या अचूकतेचे नियम केले आणि दरवर्षी ऑडिट सक्तीचं केलं, ते उगाच नाही.

सिम बॉक्सची फसवणूक तुम्ही ऐकली असेल. परदेशातून येणारा कॉल इंटरनेटवरून इथे आणायचा आणि ढीगभर सिम घातलेल्या एका यंत्रातून, म्हणजे सिम बॉक्समधून, साधा लोकल कॉल म्हणून सोडायचा. १ एप्रिल २००९ पासून दुसऱ्याच्या नेटवर्कवर कॉल पोहोचवण्याचा दर देशातल्या कॉलला मिनिटाला २० पैसे होता, परदेशातून आलेल्याला ४०. त्या फरकात धंदा होता. पकडायची खूणही ठरलेली: दिवसभर नवनव्या नंबरांना कॉल, येणारा कॉल एकही नाही, सिम एकाच टॉवरखाली. एकदा टूलनं असंच एक सिम लाल केलं, बंद करायची शिफारस आली. आमच्यातल्या एका मुलीनं कॉलच्या वेळा पाहिल्या. गर्दी सगळी संध्याकाळी चार ते सात. ती म्हणाली, ‘ही तर दवाखान्यात भेटायची वेळ वाटते.’ माणूस पाठवला. इस्पितळाच्या फाटकाशी टपरीवर एक रुपयाचा कॉइन बॉक्स, साधं सिम घालून चालवलेला. तेही नियमात बसत नव्हतंच, पण सिम बॉक्स नव्हता. गावाकडे ‘ऑपरेशन नीट झालं’ एवढं कळवणारी माणसं होती ती.

हे ऐकून अनुभवाचा जयजयकार करू नका. मी स्वतः काय केलं ते सांगतो. नंबरचे पहिले चार-पाच आकडे पाहून तो कुठल्या कंपनीचा, कुठल्या सर्कलचा म्हणजे विभागाचा, हे मी डोळे झाकून सांगायचो. मोठी ऐट होती त्याची. मग नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय, म्हणजे पोर्टिंग, आली, आधी नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात, आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. आमचे कॉल आपल्या नंबरांवर पोहोचवल्याबद्दल दुसऱ्या कंपनीचं बिल (इंटरकनेक्टचं) आलं की मी त्यावर लाल रेघा मारायचो: हे नंबर तुमच्या मालिकेतले नाहीत, पैसे कशाचे मागता? टूल पोर्ट झालेल्या नंबरांची यादी बघून सांगत होतं की बिल बरोबर आहे. मी टूलच चुकतंय असं समजून दोन महिने वाद घातला. समोरच्या कंपनीच्या माणसानं शेवटी फोनवर विचारलं, ‘साहेब, तुमच्याकडे पोर्टिंग सुरू झालंय ना?’

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. टूलमध्ये नियम घातला की तो कोणी, कधी आणि कशासाठी घातला हे शेजारी लिहायचं. नाहीतर माणूस नोकरी सोडून जातो आणि नियम भुतासारखा मागे राहतो, काढायची कोणाची छाती होत नाही. दुसरी, दर सोमवारी वीस नोंदी हातानं तपासायच्या, आणि त्याही ज्यांवर अलार्म वाजलेलाच नाही अशा. पहिले कित्येक सोमवार काहीच सापडलं नाही. वरिष्ठ विचारायचे, ‘यात तासभर घालवून मिळतं काय?’ मी अण्णांची ती नोंद छापून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती, १० वाजून ५६ मिनिटांची. तीच त्यांच्यासमोर सरकवायचो.