किती आणि कधी : इंटरल्युकिन-२

(दृश्य : काचेच्या नळीत थर. तळाशी लाल, वर पिवळसर, मधे धुरकट कडा.)

मधली ही पांढुरकी कडा बघा. रोगप्रतिकार करणाऱ्या टी पेशी इथे आहेत; प्रयोगशाळेत त्या वाढवायला इंटरल्युकिन-२ लागतं. रक्त फायकॉल या दाट द्रावणावर अलगद सोडायचं आणि ४०० जी बलावर अर्धा तास फिरवायचं. फायकॉलची १.०७७ ही घनता साधारण २० अंशांची. फ्रिजमधली बाटली तशीच वापरली, तर लाल पेशी नीट खाली बसत नाहीत. मे महिन्यात एसीने दगा दिला, तर टी पेशी कमी हाती लागतात. सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंदच हवा, नाहीतर थांबताना सगळे थर ढवळतात. आणि रक्त हेपारिनच्या (ते गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत, बर्फाशिवाय, त्याच दिवशी पोचलं पाहिजे. साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर गेला तर बिघडत नाही; रात्रभर पडून राहिलं, तर ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी हलक्या होऊन याच थरात घुसतात.

(दृश्य : बोटाच्या पेराएवढी कुपी, तळाला पांढरी पूड.)

इंटरल्युकिन-२. अवघ्या १३३ अमिनो आम्लांचं प्रथिन. टी पेशी वाढवणारा घटक म्हणून १९७६ मध्ये ते जगासमोर आलं. पण स्वस्थ बसलेल्या टी पेशींवर ते ओतून फारसं काही घडत नाही. त्यांच्याकडे ते पकडणाऱ्या ग्राहीचा अल्फा भाग, म्हणजे सीडी-२५, जवळपास नसतो. टी पेशींवरच्या सीडी-३ आणि सीडी-२८ या खुणांना चिकटणारी प्रतिपिंडं लावलेले सूक्ष्म मणी पेशींना जागं करतात, मग सीडी-२५ पृष्ठभागावर येतं. अल्फा, बीटा, गॅमा तिन्ही भाग जुळले की पकड सुमारे शंभरपट घट्ट. आत जॅक-१ आणि जॅक-३ हे एन्झाइम स्टॅट-५ या प्रथिनाला फॉस्फेट जोडतात, ते केंद्रकात शिरतं आणि पेशी विभाजनाला लागते.

खरी गंमत पुढे आहे. प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींवर सीडी-२५ कायमच भरपूर असतं. जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या याच खुणेवरून वेगळ्या काढल्या. २०२५च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. त्यामुळे शरीरात थोडंसं इंटरल्युकिन-२ दिलं, तर ते आधी या आवर घालणाऱ्यांच्याच तोंडी पडतं. भरपूर दिलं की मारक पेशीही पेटतात. अमेरिकेत १९९२ मध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी अशा मोठ्या मात्रेला मंजुरी मिळाली. पण केशवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, फुप्फुसांत पाणी भरतं.

(दृश्य : इन्क्युबेटर, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड.)

शरीराबाहेर हिशेब सोपा : मिलिलिटरला इंटरल्युकिन-२चे १०० युनिट, पेशी पाच ते दहा लाख. पेशी ते संपवतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ताजं घालायचं. फार पातळ द्रावण प्लास्टिकलाच चिकटून वाया जातं, त्यात ०.१ टक्का अल्ब्युमिन हवंच. छोटे भाग करून गोठवायचे, वितळलेलं परत गोठवायचं नाही. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कार-टी (कर्करोग ओळखण्यासाठी बदललेल्या टी पेशींच्या) उपचारातही रुग्णाच्या टी पेशी अशाच शरीराबाहेर वाढवाव्या लागतात. मुंबईच्या पावसाळ्यात इन्क्युबेटरमधल्या पाण्याच्या ट्रेवर विशेष नजर हवी. बुरशी तिथूनच सुरू होते.

(दृश्य : एकेक पेशी तपासणाऱ्या फ्लो सायटोमीटर यंत्राचा पडदा.)

पेशींना सुरुवातीलाच सीएफएसई रंग दिलेला असतो. दर विभाजनाला तो निम्मा होतो. चौथ्या दिवशी पडद्यावर अनेक शिखरं दिसायला हवीत, दर पिढीचं एक. एकच दिसलं, म्हणजे पेशी विभागल्याच नाहीत, तर आधी मणी तपासायचे, मग इंटरल्युकिन-२ची कुपी.