सांगोला: एक मतदारसंघ, तीन घराणी

(दृश्य: पंढरपूर-सांगोला रस्ता. दोन्ही बाजूंना माळ, मधेच डाळिंबाची बाग, बांधावर शेततळं.)

सोलापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला, सांगली जिल्ह्याला लागून सांगोला तालुका आहे. विधानसभेच्या यादीत या मतदारसंघाचा क्रमांक २५३. अख्खा सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ मिळून तो बनतो. मधून माण नदी जाते, पण वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात वाळूच दिसते.

या मतदारसंघानं एकाच माणसाला अकरा वेळा आमदार केलं. त्याच माणसाला दोनदा घरीही बसवलं. पहिली गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुसरी फारशी कुणी सांगत नाही. आम्हाला मात्र दोन्ही एकत्र सांगायच्या आहेत, कारण त्याशिवाय सांगोल्याचा मतदार कळत नाही.

(दृश्य: जुन्या सभेचं कृष्णधवल छायाचित्र, मंचामागे लाल बावटा.)

१९६२ साल. संयुक्त महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती आणि नव्या राज्याची ही पहिलीच विधानसभा निवडणूक. काँग्रेसनं २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) वाट्याला आल्या १५. त्यातली एक सांगोल्याची. उमेदवार होते वकिलीचं शिक्षण घेतलेले गणपतराव देशमुख, वय पस्तिशीच्या आसपास. तालुका पुढे त्यांना आबासाहेब म्हणू लागला.

१९६७ लाही तेच निवडून आले. १९७२ ला मात्र काँग्रेसची लाट होती. इंदिरा गांधींच्या नावावर राज्यात काँग्रेसला २२२ जागा मिळाल्या आणि सांगोल्यात काकासाहेब साळुंखे-पाटील विजयी झाले. हा आबासाहेबांचा पहिला पराभव. पुढे ही जागा रिकामी झाली, १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि आबासाहेब परत आले. तिथून १९७८, १९८०, १९८५, १९९०. सत्ता कुणाचीही येवो, सांगोला शेकापकडेच. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात ते मंत्री झाले, विरोधी पक्षनेतेपदही त्यांनी सांभाळलं.

हे कसं जमलं? धनगर समाजाची एकगठ्ठा मतं, असं एक उत्तर नेहमी दिलं जातं. आबासाहेब धनगर समाजातले होते आणि तालुक्यात हा समाज मोठा आहे, हे खरंच. पण तेवढ्यावर पन्नास वर्षं निघत नाहीत. मराठा, दलित, माळी, मुसलमान, सगळ्या वस्त्यांतून मतं आल्याशिवाय एवढ्या निवडणुका जिंकता येत नाहीत. आम्हाला विचाराल तर खरं उत्तर पाण्यात आहे.

(दृश्य: कोरडी विहीर. मग टेंभूच्या कालव्यातलं वाहतं पाणी.)

सांगोला पर्जन्यछायेतला. कृष्णेचं पाणी सांगली-कराडकडून खाली वाहून जायचं आणि इकडचा माणूस खडी फोडायला, ऊस तोडायला जायचा. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी त्यांचा कणा होते आणि तेरा दुष्काळी तालुक्यांतून लोक यायचे. आबासाहेब दर परिषदेला त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णा अडवून पाणी टप्प्याटप्प्यानं उचलायचं आणि दुष्काळी पट्ट्यात आणायचं, ही योजना त्याच रेट्यातून पुढे सरकली. टेंभू, म्हैसाळ, नीरा उजवा कालवा ही पाणी योजनांची नावं सांगोल्यात लहान पोरालाही पाठ आहेत, कारण इथल्या प्रत्येक निवडणुकीत ती भाषणात असतात.

पाण्याच्या जोडीला सूतगिरणी. आबासाहेबांच्या पुढाकारानं सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्या कर्जात बुडाल्या, तेव्हा ही चालू राहिली. आणि हे सगळं करणारा आमदार एसटीनं फिरायचा. स्टँडवर उतरायचा, हातात पिशवी, भोवती चार माणसं कागद घेऊन. ज्यांनी हे पाहिलं ते आजही सांगतात. आमच्या मते त्यांचा खरा प्रचार हाच होता. तो पाच वर्षं रोज चालायचा.

तरीही १९९५ ला सांगोल्यानं त्यांना पाडलं.

काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील जिंकले, तेही दोनशेच्या आतल्या मतांनी. म्हणजे जेमतेम शंभर माणसांनी मन बदललं असतं तरी निकाल उलटा लागला असता. तेहतीस वर्षं राबलेल्या माणसाला शंभर माणसं कमी पडली. आबासाहेबांनी हार मानली, पुन्हा गावं पालथी घातली आणि १९९९ ला जागा परत मिळवली. विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे रोजगार हमीचं खातं आलं. दुष्काळी तालुक्याच्या आमदाराला याहून जवळचं खातं कोणतं असणार?

मग २००४, २००९, २०१४. दरम्यान माळावर डाळिंब आलं. ठिबक, शेततळी, टँकर असं करत लोकांनी बागा जगवल्या आणि सांगोल्याचं डाळिंब परदेशात गेलं. २०१४ ला मोदी लाट असतानाही आबासाहेब सुमारे पंचवीस हजारांच्या फरकानं निवडून आले. समोर पुन्हा शहाजीबापूच, आता शिवसेनेचे. हा आबासाहेबांचा अकरावा विजय. वय सत्त्याऐंशीच्या घरात.

(दृश्य: मतमोजणी केंद्राबाहेरची गर्दी.)

२०१९ ला त्यांनी वयामुळे उभं राहायचं थांबवलं आणि शेकापनं त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी दिली. ही मतमोजणी सांगोला विसरणार नाही. शहाजीबापूंना ९९,४६४ मतं, अनिकेत यांना ९८,६९६. फरक ७६८. दोघांच्या मतांची बेरीज एक लाख अठ्ठ्याण्णव हजारांवर जाते आणि त्यात ३८५ माणसांनी पारडं बदललं असतं तर आमदार वेगळा असता. चोवीस वर्षांनी बापू पुन्हा विधानसभेत गेले. या काळात ते हरत राहिले, पण मैदान सोडून गेले नाहीत, हेही मान्य करायला हवं.

३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले. तालुका रस्त्यावर आला होता. पक्ष न पाहता माणसं रडत होती.

पुढच्याच वर्षी सांगोल्याचं नाव सगळ्या महाराष्ट्राच्या मोबाइलवर पोचलं. जून २०२२, एकनाथ शिंदेंचं बंड, गुवाहाटीचं हॉटेल आणि फोनवर शहाजीबापू: “काय झाडी, काय डोंगार, काय हाटील.” राज्य हसलं, गाणी निघाली. सांगोल्यात मात्र तेव्हा डाळिंबाच्या बागा पिन होल बोरर या खोडकिडीनं वाळत होत्या आणि शेतकरी उभी झाडं उपटून बांधावर टाकत होते. ते चित्र फार कमी लोकांनी पाहिलं. आम्हाला याचं आजही वाईट वाटतं.

२०२४ ला तिरंगी लढत झाली. शिंदेंच्या शिवसेनेकडून शहाजीबापू. ठाकरेंच्या शिवसेनेकडून दीपकआबा साळुंखे-पाटील, म्हणजे १९७२ च्या काकासाहेबांच्याच घरातले. आणि शेकापकडून आबासाहेबांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. देशमुख, पाटील, साळुंखे. पन्नास वर्षांची भांडणं एकाच मतपत्रिकेवर आली. महाविकास आघाडीनं जागा शेकापला सोडली नाही, म्हणून बाबासाहेब आघाडीबाहेर, स्वतःच्या बळावर लढले. दीपकआबांनी पन्नास हजारांच्या घरात मतं घेतली, तरी बाबासाहेब पंचवीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आले.

(दृश्य: सांगोला बाजार समिती, खिलार बैलांचा बाजार.)

त्या निवडणुकीत अलिबाग, पेण, पनवेल, उरण या रायगडातल्या आपल्या जुन्या गडात शेकापला एकही जागा मिळाली नाही. १९६२ ला १५ आमदार असलेल्या पक्षाचा सबंध महाराष्ट्रात आता एकच आमदार आहे, सांगोल्याचा. त्याच्यापुढे आलेला पहिला प्रश्न त्याच्या आजोबांपुढे होता तोच: टेंभू-म्हैसाळचं पाणी शेवटच्या गावाच्या शिवारात कधी पोचणार?