ताटातूट होऊ नये म्हणून
(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आजचा विषय निराधार मुलं आणि त्यांच्यासाठीची निवारागृहं असा मोठा आहे. मी त्यातलं एकच टोक धरणार आहे, भावंडांचं. एकटं आलेलं मूल आणि पाठच्या भावंडाचा हात धरून आलेलं मूल यांत फार फरक असतो. या दुसऱ्या मुलाचं सगळं घर मोडलेलं नसतं. घराचा एक तुकडा ते हाताला धरून आलेलं असतं, आणि बऱ्याचदा तो तुकडा आपण, मदत करणारी माणसंच, मोडतो.

मी या कामात आले त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. सुरुवातीच्याच दिवसांत एका रात्री दोन मुलं आली. मुलगी नऊ वर्षांची असेल, भाऊ चारचा. आई "कामाला जाऊन येते" म्हणून गेली ती परतली नव्हती. भाडं थकलं म्हणून खोलीला कुलूप लागलं, आणि तीन-चार रात्री दोघं जिन्याखाली झोपली होती. मुलीच्या हातात एक पिशवी होती. मी ती उघडून पाहिली. आत सगळे कपडे भावाचे, नीट घड्या घातलेले. तिचा स्वतःचा एकही नाही.

आम्ही काय केलं? नियमात बसत होतं ते केलं. सहा वर्षांखालची मुलं एका इमारतीत, मोठ्या मुली दुसरीत, मोठे मुलगे तिसरीत. दोघांची नावं दोन रजिस्टरांत चढवली, दोन फायली उघडल्या आणि भावाला उचलून आत नेलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तो रात्री उठतो. माझा हात लागला की परत झोपतो." मी म्हटलं, "आम्ही आहोत ना." त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. सकाळी झाडायला आलेल्या मावशींना ती लहान मुलांच्या खोलीच्या दाराबाहेर फरशीवर झोपलेली सापडली. आणि आत, भावाच्या उशीखाली, त्याच्या रात्रीच्या जेवणातला अर्धा वाटा होता. तिच्यासाठी ठेवलेला.

कुणाच्या मनात पाप नव्हतं. वयानुसार आणि मुलगा-मुलगी असं वेगळं ठेवण्यामागे कारण आहे, सुरक्षिततेचं कारण आहे, ते मी हलकं मानत नाही. पण जरा विचार करा. भावंडं म्हटली की वयात अंतर आलंच, आणि कितीतरी वेळा एक मुलगा, एक मुलगी असणारच. म्हणजे ही विभागणी नेमकी भावंडांच्याच मधून जाते. अनोळखी दोन मुलांना ती एकत्र ठेवते, कारण दोघं सात वर्षांची आहेत, आणि एका आईच्या दोघांना वेगळं करते.

या नात्याची ताकद किती असते, याचा एक जुना दाखला सांगते. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४५ साली, तेरेझिनच्या नाझी छावणीतून वाचलेली सहा चिमुरडी मुलं इंग्लंडला आणली गेली. वय साधारण तीन वर्षं. आईवडील कुणालाच उरले नव्हते. बुलडॉग्ज बँक नावाच्या घरात त्यांना ठेवलं. बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड आणि त्या घरात मुलांना सांभाळणाऱ्या सोफी डॅन यांनी त्यांच्याविषयीचा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध केला. ती सख्खी भावंडं नव्हती, पण जगात एकमेकांशिवाय कुणीच नसल्यानं सख्ख्यांहून घट्ट झाली होती. मोठ्या माणसांना चावत, मारत, वस्तू फोडत. मात्र एकाला क्षणभर बाजूला नेलं की बाकीची कासावीस होत. जेवायला बसली की आधी शेजारच्याला देत, मग स्वतः खात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या उशीची आठवण झाली. आम्ही त्या उशीकडे "मूल अन्न लपवतं" अशा नजरेनं पाहिलं होतं. फाइलमध्ये तशी नोंदही आहे.

आता कायद्याकडे, थोडक्यात. १९८९ चा बालहक्क करार जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी मान्य केला. त्यात कुटुंब आहे, आईवडील आहेत, पण भावंडांचा वेगळा उल्लेख नाही. ती उणीव भरून निघायला वीस वर्षं लागली. डिसेंबर २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पर्यायी संगोपनाची, म्हणजे आईवडिलांजवळ राहू न शकणाऱ्या मुलांना सांभाळण्याची, मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की ज्या भावंडांमध्ये जिव्हाळा आहे त्यांना एरवी वेगळं करू नये. छळाचा उघड धोका असेल किंवा मुलाच्या हिताचं दुसरं सबळ कारण असेल तरच करावं, आणि वेगळं करावंच लागलं तरी त्यांचा संपर्क राहील यासाठी सगळे प्रयत्न करावेत.

याच दस्तऐवजातली दुसरी एक जागा मला फार मोलाची वाटते. तीन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत न ठेवता कुटुंबातच ठेवावं, असं ही तत्त्वं सांगतात. त्यामागे ठोस पुरावा आहे. रोमानियात, बुखारेस्टच्या अनाथाश्रमांतल्या १३६ मुलांवर २००० च्या सुमारास एक अभ्यास सुरू झाला. जी मुलं प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरांत गेली, त्यातही दोन वर्षांची व्हायच्या आत गेली, ती संस्थेत राहिलेल्यांपेक्षा बुद्धीत आणि माणसांशी जवळीक करण्यात पुढे गेली. म्हणजे हा नियम पक्का आहे. तरीही त्याला जे मोजके अपवाद दिलेत, त्यांतला एक आहे भावंडांची ताटातूट टाळणं. इतका भक्कम नियमसुद्धा या नात्यासाठी जरा वाकवला, यातच त्याची किंमत दिसते.

ताटातुटीचा इतिहास मात्र लांबलचक आहे. अमेरिकेत १८५४ ते १९२९ या काळात शहरातल्या गरीब आणि निराधार मुलांना रेल्वेनं खेड्यापाड्यांत पाठवत. अशी सुमारे दोन लाख मुलं गेली. स्टेशनात उतरवून ओळीनं उभं करायचं आणि लोकांनी आपल्याला हवं ते मूल निवडायचं. थोरला शेतीला लागतो म्हणून एका घरी, तान्ही दुसऱ्या घरी, मधला पुढच्या स्टेशनावर. लंडनचं फाउंडलिंग हॉस्पिटल हे नावाला हॉस्पिटल, खरं तर सोडून दिलेल्या बाळांचं घर; तिथे १७४१ पासून बाळं घेऊ लागले. तिथे आई खूण म्हणून कापडाचा तुकडा, अर्धं नाणं असं काही ठेवून जाई, आणि बाळाला नवं नाव दिलं जाई. नाव बदललं की पुढे भावाला बहीण सापडणार कशी? म्हणून आमच्याकडे आता भावंडांची फाइल एकच असते. निदान प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर बाकीच्यांची नावं, वयं आणि ती कुठे आहेत हे लाल शाईत लिहिलेलं असतं. कारकुनी काम वाटेल. पण उद्या एकाची बदली झाली, अधिकारी बदलले, तरी ती लाल ओळ टिकते.

भावंडांना एकत्र ठेवण्याचा मूळ विचार काही नवा नाही. हरमान ग्माइनर यांनी १९४९ साली ऑस्ट्रियातल्या इम्स्टला पहिलं एस.ओ.एस. बालग्राम उभं केलं. एक घर, घरात एक आई, लहानमोठी मुलं मुली एकत्र, आणि सख्खी भावंडं एकाच छपराखाली. आपल्यापैकी सगळ्यांना अशी घरं बांधता येणार नाहीत. पण जुन्या इमारतीतही पुष्कळ करता येतं. पहिले काही आठवडे भावंडांना एका खोलीत, सोबतीला एक मावशी. तीन वेळचं जेवण एका रांगेत. एकच कार्यकर्ती, म्हणजे मुलीला सांगितलेलं मुलापर्यंत वेगळं पोचत नाही. डॉक्टरकडे, बालकल्याण समितीपुढे, एकाच दिवशी. याला पैसा फारसा लागत नाही. वेळापत्रक बदलण्याची तयारी लागते, आणि खरं सांगते, तीच मिळवताना माझी जास्त वर्षं गेली.

थोरल्या मुलाविषयी सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे आपण चांगुलपणानं चुकतो. गरिबीत थोरली बहीण सात-आठ वर्षांची असतानाच आई झालेली असते. पाणी भरते, धाकट्याला भरवते, त्याच्यासाठी भांडते, कधी त्याला बडवतेही. ती आपल्याकडे आली की आपण म्हणतो, "आता तू खेळ, त्याचं आम्ही बघतो." आपल्याला वाटतं आपण तिचं ओझं उतरवलं. तिला वाटतं तिच्याकडे होतं नव्हतं ते एकमेव मोलाचं काम आपण काढून घेतलं. मग ती चिडते, मावशींशी भांडते, आणि फाइलमध्ये "मुलगी आडमुठी" अशी नोंद होते.

पिशवी घेऊन आलेल्या त्या मुलीनं आम्हाला रीत शिकवली. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांना एकत्र ठेवलं आणि मी वही घेऊन तिच्यापुढे बसले. तो काय खातो, कशाला भितो, कुठल्या कुशीवर झोपतो, ताप आला की काय करतेस? तिनं पाऊण तास सांगितलं. कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नसतं इतकं तपशीलवार. मग ठरवलं, त्याला झोपवणं तुझं, अंघोळ मावशींची. ती दाराशी उभी राहून अंघोळ बघायची. कानामागे साबण राहिला तर सांगायची. दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारत राहिली आणि आत यायला उशीर झाला. भाऊ झोपून गेला होता. ती धावत आली, पांढरीफटक पडली होती. "कुणी झोपवलं?" मी म्हटलं, "आपला आपण झोपला." ती त्याच्या पायाशी बराच वेळ बसून राहिली. नंतर हळूहळू तो उशीर रोजचा झाला.

सगळीच भावंडं एकमेकांना जपतात असं मात्र मी म्हणणार नाही. घरातली मारहाण पाहिलेला थोरला धाकट्याला तशीच मारहाण करतो, कधी त्याहून वाईट घडतं. तेव्हा वेगळं ठेवावंच लागतं. पण ते कारण लिहून, मुलांना समजेल असं सांगून, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा तपासून.

दत्तक हा याहून अवघड प्रश्न. धाकटं वर्षाचं असतं, त्याला घर लगेच मिळतं, दहा वर्षांच्या थोरल्याला कुणी विचारत नाही. धाकट्याचं घर अडवायचं का? याला माझ्याकडे एकच उत्तर नाही. पण निदान थोरल्याला सांगायला हवं, निरोप घेऊ द्यायला हवा. एका सकाळी उठून पाळणा रिकामा दिसला, असं होता कामा नये. मी तसं झालेलं पाहिलं आहे.

आणि "टाकलेली मुलं" हा शब्द जरा जपून वापरा. निवारागृहांतल्या कित्येक मुलांची आई किंवा वडील हयात असतात. काम सुटलं, आजारपण आलं, नवरा गेला, आणि तीन मुलांना घेऊन कुठे राहायचं हे कळेना म्हणून ती सोडून गेली. तीच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की केवळ गरिबी हे मुलाला घरापासून दूर करण्याचं कारण होऊ शकत नाही. ती कुटुंबाला मदत हवी असल्याची खूण समजावी. तीन मुलांवर संस्था वर्षभर जो खर्च करते, त्यातला काही भाग खोलीभाडं म्हणून त्या बाईच्या हातात वेळेवर पडला असता तर? हा हिशेब प्रत्येक संस्थेनं मांडावा. आणि आईवडील खरोखर नसतील, पण थोरलं भावंड समर्थ असेल, त्याची इच्छा असेल, तर त्या भावंडांना त्यांच्याच घरात राहू द्यावं आणि आधार तिथे पोचवावा, असंही त्यात आहे.

शेवटचा मुद्दा, जो नेहमी राहून जातो. थोरलं अठराचं झालं की त्याला संस्था सोडावी लागते आणि धाकटं आत राहतं. दुसरी ताटातूट. ती मुलगी बाहेर पडली तेव्हा भाऊ तेरा वर्षांचा होता. तिला शिवणकामाच्या कारखान्यात काम मिळालं होतं, सुट्टी ठरलेली नाही, आणि आमची भेटीची वेळ दुपारी दोन ते चार. दोनदा ती फाटकावरून परत गेली. मला कळलं ते तिसऱ्या वेळी, चौकीदारानं सांगितलं म्हणून. भेटीची वही मागवली. तिनं नातं "बहीण" लिहिलं होतं आणि पुढे शेरा होता, "पालक नाही, वेळेबाहेर." त्या आठवड्यात आम्ही बैठक घेतली. आता थोरल्या भावंडांसाठी रात्री साडेआठपर्यंत फाटक उघडं असतं.