ट्रायथलॉन सायकलला हायड्रॉलिक रिम ब्रेक: पैसे मोजण्याआधी केबलची वळणं मोजा

[कॅमेऱ्यासमोर. मागे स्टँडवर टीटी (टाइम ट्रायल) सायकल, मागचा ब्रेक चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दांडीच्या) खाली.]

नमस्कार. तुमच्या ट्रायथलॉन सायकलचा मागचा ब्रेक दाबा आणि सोडा. लिव्हर रबरासारखा मऊ लागतोय? सोडल्यावर पॅड रिमपासून उशिरा सुटतायत? 'टीटी सायकलचे ब्रेक असेच असतात' असं सांगून बरेच मेकॅनिक मोकळे होतात. ब्रेक बिचारा ठीक असतो हो. अडकते ती केबल.

[क्लोजअप: बेसबारचं टोक, मग बोट केबलच्या मार्गावरून फिरतं.]

बघा ही केबल कुठून कुठे जाते. बेसबारच्या, म्हणजे आडव्या हँडलच्या, टोकातून आत शिरते, बार वळतो तिथे वळते, स्टेमजवळ बाहेर येऊन परत फ्रेममध्ये घुसते, डाउनट्यूबमधून खाली आणि बॉटम ब्रॅकेटपाशी, म्हणजे पेडलच्या आसापाशी, शेवटचं तीव्र वळण. रोड बाइकवर एवढे हाल नसतात. आता प्रत्येक वळणाचे अंश अंदाजाने मोजा आणि बेरीज करा. टीटी सायकलच्या मागच्या ब्रेकची बेरीज सहज ३०० ते ३६० अंशांपर्यंत जाते.

बेरीज कशासाठी? दावं खुंट्याला दोन वेढे दिले की बैल ओढून ओढून थकतो, पण दुसरं टोक एका हाताने धरून ठेवता येतं. केबलचं नेमकं हेच होतं, फक्त इथे ओढणारे आपण आहोत. घर्षण वळणांच्या बेरजेनुसार घातांकी पद्धतीने वाढतं. घर्षणांक ०.१ धरला, म्हणजे केबल चांगली, तिच्याभोवतीचं आतलं अस्तर (लायनर) स्वच्छ, तर १८० अंशांत तुमच्या बोटांच्या जोरापैकी ७३ टक्के पलीकडे पोहोचतो. ३६० अंशांत ५३ टक्के. आणि घाम, एनर्जी ड्रिंक, धूळ आत जाऊन घर्षणांक ०.२ झाला, की त्याच ३६० अंशांत उरतो फक्त २८ टक्के. शिवाय परतीच्या वाटेवर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्याच्या, स्प्रिंगलाही हेच घर्षण पार करावं लागतं. म्हणून पॅड रिमला चिकटून राहतात.

हायड्रॉलिकमध्ये केबलच्या जागी तेलाने भरलेली नळी असते. लिव्हरमधला पिस्टन तेलावर दाब देतो, तो दाब नळी कितीही वळली तरी तेवढाच पोहोचतो, आणि पलीकडचा पिस्टन कॅलिपरचे हात फाकवून पॅड रिमवर आणतो. फायदा आहे तो एवढाच, पण टीटी सायकलवर तो मोठा आहे. रिम तीच, टायर तोच. टायरची पकड संपली की तेल काही करू शकत नाही. हायड्रॉलिक लावले म्हणून सायकल डिस्क ब्रेकसारखी पावसात थांबेल, असं वाटत असेल तर तो पैसा चाकांवर घाला.

[क्लोजअप: बेसबारच्या टोकातला लिव्हर.]

बाजारात काय आहे? टीटीसाठी नाव घ्यावं असं एकच कुटुंब: मागुरा आरटी८ टीटी आणि त्याची स्वस्त आवृत्ती आरटी६. जर्मन कंपनी मागुरा हायड्रॉलिक रिम ब्रेक १९८७ पासून बनवतेय. २०१२ मध्ये सर्व्हेलो कंपनीची पी५ सायकल हेच ब्रेक घेऊन आली आणि त्यामुळे ट्रायथलॉनवाल्यांना ते माहीत झाले. पुढे २०१६ मध्ये सर्व्हेलोने पी५एक्स काढली ती थेट डिस्कवर, आणि बाकीच्या कंपन्याही तिकडेच वळल्या. त्यामुळे आज तुमच्या हातात येणारा सेट बहुधा जुना किंवा वापरलेला असेल. सुटे भाग मिळतायत याची खात्री आधी करा: पिस्टन सील, ऑलिव्ह (नळीच्या जोडावर दबणारी कडी), बार्ब (नळीच्या टोकात बसणारा तुकडा), ब्लीड स्क्रू (हवा काढायच्या भोकाचा). ते मिळत नसतील तर सौदा सोडा.

स्रॅमचेही हायड्रॉलिक रिम ब्रेक होते, २०१३ चे. त्यांचे लिव्हर ड्रॉप हँडलसाठी, म्हणजे आपल्या कामाचे नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कडाक्याच्या थंडीत सील निकामी होऊ लागले म्हणून स्रॅमने आपले रोड हायड्रॉलिक ब्रेक परत मागवले होते. कोणी स्वस्तात त्या काळातला सेट देत असेल तर तो बदलून मिळालेला आहे का, हे विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता फ्रेम. खरी गाळणी इथे लागते. पहिला प्रश्न: कॅलिपर बसेल का? फोर्कला एकच मधला बोल्ट असेल आणि रीच, म्हणजे बोल्टपासून पॅडपर्यंतचं अंतर, ३९ ते ४९ मिलिमीटर असेल तर साधा कॅलिपर बसतो. दोन बोल्टवाला डायरेक्ट माउंट असेल, किंवा ट्रेक स्पीड कॉन्सेप्टच्या जुन्या फ्रेमसारखा फोर्कमध्ये लपवलेला कंपनीचा स्वतःचा ब्रेक असेल, तर विषय तिथेच संपला. दुसरा प्रश्न: रिम केवढी रुंद? जुने कॅलिपर अरुंद रिमच्या काळातले आहेत आणि आजच्या कार्बन रिम २६, २८ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आहेत. कॅलिपरची मर्यादा त्याच्या मॅन्युअलमध्ये बघा, रिमची रुंदी ब्रेक ट्रॅकवर व्हर्नियरने मोजा.

तिसऱ्या प्रश्नावर बहुतेकांची गाडी अडते. ब्रेकच्या हाउसिंगचा, म्हणजे तारेवरच्या आवरणाचा, बाहेरचा व्यास ५ मिलिमीटर आणि सर्वसाधारण हायड्रॉलिक नळीचाही तेवढाच. म्हणजे फ्रेममध्ये लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत हाउसिंग अखंड जात असेल तर नळीही जाईल. पण फ्रेमच्या तोंडाशी केबल स्टॉप असेल, म्हणजे हाउसिंग तिथे थांबून आत फक्त १.५-१.६ मिलिमीटरची उघडी तार जात असेल, तर नळी त्या भोकातून जाणार नाही. काही फ्रेमवर हा स्टॉप सुटा असतो, स्क्रू काढून बदलता येतो. सुटा नसेल तर कृपा करून कार्बनला ड्रिल लावू नका.

गिअर इलेक्ट्रॉनिक असतील तर आणखी एक गोष्ट. शिमानो डीआय२ च्या टीटी ब्रेक लिव्हरवर गिअरची बटणं असतात. लिव्हर बदलला की बेसबारवरची ती बटणं गेली. पुढे येणाऱ्या एक्स्टेंशन दांड्यांच्या टोकावरची राहतात, पण चढावर उभं राहून गिअर बदलायची सवय असेल तर चिडचिड होईल. स्रॅम ईटॅपवाले सुखी, ब्लिप बटण बेसबारवर कुठेही चिकटवता येतं. आणि शिमानोचे हायड्रॉलिक टीटी लिव्हर डिस्कसाठीचे आहेत. तो लिव्हर आणि मागुराचा कॅलिपर असा संसार मांडू नका. दोन्हींच्या पिस्टनचे आकार जुळले नाहीत तर एकतर लिव्हर बारला टेकतो, नाहीतर दगडासारखा होतो.

[स्टँडपाशी.]

बसवायला घेऊ. जुनी आतली केबल लगेच ओढून काढू नका. आधी हाउसिंग सरकवून काढा, तार फ्रेममध्येच राहू द्या, तीच तुमची वाटाड्या. नळीचं टोक आधी बंद करा, नाहीतर कार्बनचा चुरा आत जाईल. मग तार आणि नळी टोकाला टोक जोडून हळू ओढा. बॉटम ब्रॅकेटपाशी अडकलं तर जोर लावू नका. क्रँक काढा आणि खालचं झाकण उघडून हाताने वळवा. नळी फ्रेममध्ये खडखडू नये म्हणून तिच्यावर फोमची बाही चढवायची ती याच वेळी, नंतर जमत नाही.

नळी कापायची घाई करू नका. बेसबार दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, नळी ताणली जाता कामा नये. आणि बार स्टेममधून सोडवून फ्रेमशेजारी लटकवता यावा म्हणून पाच-सहा सेंटिमीटर जास्त ठेवा. ती जास्तीची नळी कशाला, ते शेवटी सांगतो. काप अगदी काटकोनात हवा, नळीच्या कटरने किंवा नव्या धारदार ब्लेडने. वायर कटरने कापली की टोक चपटं होतं आणि तिथूनच तेल पाझरतं. टोकात बार्ब ठोका, वर ऑलिव्ह, मग नट. जोड उघडून नळी पुन्हा कापली तर ऑलिव्ह आणि बार्ब नवे घ्या. एकदा दबलेला ऑलिव्ह दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

कॅलिपरचा मधला बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटर, पॅडचे बोल्ट ५ ते ६. तुमच्या फोर्कवर वेगळा आकडा छापला असेल तर तो पाळा. टॉर्क पाना नसेल तर आज हे काम करू नका.

[क्लोजअप: सिरिंज आणि पारदर्शक नळी.]

ब्लीडिंग, म्हणजे तेलातली हवा काढणं. मागुरात मागुराचं खनिज तेल जातं, रॉयल ब्लड नावाचं. डॉट फ्लुइड, म्हणजे मोटारगाड्यांचं ब्रेक ऑइल, अजिबात नाही. डॉटने या ब्रेकचे सील फुगतात आणि सगळा संच फेकावा लागतो. उलटही तेवढंच खरं, डॉटवाल्या ब्रेकमध्ये खनिज तेल चालत नाही. गॅरेजवाल्याने 'ब्रेक ऑइल सगळं सारखंच' म्हटलं तर सायकल उचला आणि निघा.

चाकं काढून बाजूला, पॅड काढून दुसऱ्या खोलीत. तेलाचा एक थेंब पॅडवर गेला की तो पॅड गेला, घासून उपयोग नाही. स्टँडवर सायकल अशी तिरकी करा की लिव्हरचं ब्लीड भोक संपूर्ण मार्गातला सर्वात उंच बिंदू होईल. टीटी लिव्हर पुढे आडवा असल्याने सायकलचं नाक चांगलंच वर करावं लागतं. मग कॅलिपरकडून सिरिंजने तेल सावकाश वर ढकला. बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, नळीवर बोटाने टिचक्या मारा, लिव्हर दोन-चारदा हलकेच हलवा, पुन्हा ढकला. सर्वात हट्टी हवा बॉटम ब्रॅकेटजवळच्या वळणात बसते. तिथे काही वेळ नुसतं सोडून देणंच उत्तम.

बंद केल्यावर रिम आणि कॅलिपर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, चाक बसवा, पॅड लावा. प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर गुंडाळा आणि लिव्हर जोरात दाबून १५ सेकंद धरा. लिव्हर हळूहळू बारकडे सरकतोय, तर कुठेतरी गळती आहे, टिश्यू ओला दिसेल. सरकत नाही पण स्पंजसारखा लागतोय, तर हवा राहिली. पहिल्या दाबाला खोल आणि दुसऱ्या-तिसऱ्याला घट्ट, हेही हवेचंच लक्षण. रात्रभर लिव्हर रबराने बांधून ठेवा आणि सकाळी टिश्यू पुन्हा बघा.

पॅडबद्दल थोडं थांबून. कार्बन रिमला कार्बनचेच पॅड, उदाहरणार्थ स्विसस्टॉपचे ब्लॅक प्रिन्स. सरावाच्या ॲल्युमिनियम चाकांवर वापरलेले पॅड शर्यतीच्या कार्बन चाकांवर नेऊ नका, त्यात रुतलेले ॲल्युमिनियमचे कण रिमवर चरे पाडतात. चाकं बदलताना रिमची रुंदीही बदलते. केबलला बॅरल ॲडजस्टर फिरवला की झालं. इथे तुमच्या मॉडेलवर पॅडचं अंतर बदलायची सोय कुठे आहे ते आधी शिकून घ्या. दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलिमीटर अंतर पुरतं. आणि आता कमी जोर लावूनही ब्रेक चावतो म्हणून पसरणी घाट उतरताना कार्बन रिमवर सतत दाबून बसू नका. उष्णता साठते आणि रिम फुगते. जोरात, थोडा वेळ, सोडा, पुन्हा.

हे सगळं ऐकून नको वाटलं, तर मधला रस्ता आहे. वळणांची बेरीज २०० अंशांच्या आत असेल तर आम्ही हायड्रॉलिक सुचवतच नाही. कॉम्प्रेशनलेस (दाबाने न आखडणारं) ब्रेक हाउसिंग, जॅगवायर केईबी-एसएल सारखं, आणि गुळगुळीत पॉलिश केलेली तार टाका. फक्त गिअरचं हाउसिंग ब्रेकला लावू नका. त्याच्या तारा लांबीने सरळ असतात, ब्रेकच्या जोराने ते फाटतं. फोर्क साधा असेल तर ट्रायरिग ओमेगा एक्ससारखा केबलवाला एरो कॅलिपरही बघा.

आता ती जास्तीची नळी. आयर्नमॅन ७०.३ गोव्याला सायकल बॉक्समधून नेणार असाल तर बेसबार सोडवावा लागतो. केबल असती तर काढून परत लावली असती. हायड्रॉलिक नळी उघडली की ब्लीडिंग आलंच, म्हणून बार नळीसकट लटकला पाहिजे. लिव्हर आणि कॅलिपरभोवती फोम गुंडाळा, चाक नसताना लिव्हर दाबला जाऊ नये म्हणून पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी अडकवा. बॉक्समध्ये एक छोटी सिरिंज, तेलाची लहान बाटली, दोन ऑलिव्ह आणि दोन बार्ब टाका. सायकल आदल्या दिवशी जमा करायची असते, आणि त्या संध्याकाळी मिरामारला या ब्रेकचा ऑलिव्ह कुठेही मिळणार नाही.