कणकुंबीचं घर आणि शंकर नाग

श्रोतेहो, नमस्कार.

साल १९८७. खानापुरात आमच्या सगळ्या गल्लीत मिळून दोनच टीव्ही, त्यातला एक आमच्या शेजाऱ्यांकडे. कौलांवर चढून अँटेना फिरवायचं काम माझ्या थोरल्या भावाकडे. खालून आम्ही ओरडायचो, "आलं, आलं! थांब, गेलं!" मग एकदाचं चित्र स्थिर व्हायचं आणि ती धून सुरू व्हायची. एल. वैद्यनाथन यांची. आजही कुठं कानावर पडली तर मी हातातलं काम ठेवतो.

मालिका होती 'मालगुडी डेज'. एका भागात कौलारू घर दिसलं. लाकडी खांब, मधोमध मोकळा चौक, चौकात पडणारा उजेड. मागं भिंतीला टेकून बसलेली आजी एकदम म्हणाली, "अगो, हे आपल्या कणकुंबीकडचं घर की!"

कणकुंबी हे आजीचं माहेर. मलप्रभा जिथं उगम पावते ते गाव, आणि तिथला पाऊस ज्यानं बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको. चित्रीकरण आपल्याच भागात झालंय असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. पुढं कळलं की ते घर शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंब्याचं. तिथं त्याला 'दोड्ड मने' म्हणतात, म्हणजे मोठं घर. आगुंब्यात वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे सह्याद्रीची तीच रांग, तोच पाऊस, आणि त्या पावसानं बांधायला लावलेलं तसलंच घर. आजीचं फारसं चुकलं नव्हतं.

आज मला बोलायचंय ते हे घर ज्यानं आपल्यापर्यंत आणलं त्या दिग्दर्शकाबद्दल, शंकर नाग यांच्याबद्दल. आपल्याकडं बहुतेकांना ते ठाऊक आहेत ते कन्नड सिनेमाचे नट म्हणून. 'ऑटो राजा'मुळं रिक्षावाल्यांनी त्यांना आपलं मानलं, आजही कर्नाटकात रिक्षांच्या पाठीवर त्यांचा फोटो दिसतो. पण माझ्या लेखी ते आधी दिग्दर्शक, आणि त्यातही टीव्हीच्या छोट्या पडद्याचे दिग्दर्शक.

जन्म ९ नोव्हेंबर १९५४ चा, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या होन्नावरचा. घर चित्रापूर सारस्वतांचं, आडनाव नागरकट्टे, घरातली बोली कोकणी. अनंत नाग हे त्यांचे थोरले भाऊ. शिक्षण आटोपून शंकर मुंबईला गेले आणि तिथं मराठी रंगभूमीत पार बुडून गेले. पुढं त्यांच्या पत्नी झालेल्या अरुंधतीबाईंची ओळख झाली तीही नाटकाच्या तालमीतच. चापेकर बंधूंवरचा '२२ जून १८९७' हा मराठी चित्रपट आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या लेखनात शंकर नाग यांचा हात आहे, हे मात्र बेळगावातल्या नाटकवाल्यांनाही सांगावं लागतं. मला त्याचं वाईट वाटतं.

होन्नावरचं नाव निघालंच आहे तर थोडं मागं जातो. १८४२ साली कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीला खेळ करायला आली होती. ती होन्नावरजवळच्या कर्की गावची. त्यांचा खेळ पाहून सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं, आणि १८४३ साली 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. आपल्या मराठी नाटकाची सुरुवात ती. त्याच १८४३ साली आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्माला आले. होन्नावरकडून एकदा नाटक वर आलं, मराठी झालं. सव्वाशे वर्षांनी त्याच होन्नावरचा एक मुलगा मुंबईला जाऊन मराठी नाटक शिकला आणि ती विद्या घेऊन परत कर्नाटकात उतरला. या जाण्यायेण्याच्या वाटेवर आपला सीमाभाग आहे. म्हणून शंकर नाग मला परके वाटत नाहीत.

त्यांना कन्नड पडद्यावर आणलं गिरीश कर्नाडांनी, १९७८ च्या 'ओंदानोंदु कालदल्ली'मध्ये. पहिल्याच भूमिकेला भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पुढच्या दोन वर्षांत ते दिग्दर्शनात आले. 'मिंचिन ओट', 'गीता', 'अ‍ॅक्सिडेंट'. मधल्या काळात 'संकेत' ही नाटकमंडळीही चालू होती.

आणि मग मालगुडी.

श्रोतेहो, हे काम किती अवघड होतं ते जरा सांगतो. मालिका ज्यांच्या गोष्टींवरून केली त्या आर. के. नारायण यांच्या लिखाणात बाहेर घडतं थोडंच, सगळं मनात चाललेलं असतं. त्यातल्या स्वामी नावाच्या शाळकरी पोराला त्याचे वडील आंब्यांचं गणित घालतात. रामाकडे दहा आंबे, इतक्या आण्यांना विकायचे, कृष्णाला चारच हवेत, तर पैसे किती? पोराला अडचण पडते ती आंबे पिकलेले होते की कच्चे याची. वाचताना हे आपल्याला लगेच कळतं, लेखक सांगतोच. पण कॅमेऱ्याला मनातलं दिसत नाही. पाटी घेऊन बसलेलं एक पोर, एवढंच त्याच्यासमोर असतं. मग दिग्दर्शकानं करायचं काय?

शंकर नाग यांनी जे केलं ते मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्यांनी वाट पाहिली. स्वामी झालेल्या मास्टर मंजुनाथच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवला आणि त्याला वेळ दिला. पोराची चाल, रेंगाळणं, दाराआडून बघणं यांवर भरवसा ठेवला. समोर वडील म्हणून गिरीश कर्नाड, आवाज न चढवता धाक बसवणारे. एस. रामचंद्र यांचं छायाचित्रण, जॉन देवराज यांनी उभा केलेला गाव, सुरुवातीला आर. के. लक्ष्मण यांची चित्रं. रेल्वे स्टेशनसुद्धा खरंच, शिवमोग्ग्याजवळचं अरसाळू. आता तिथं रेल्वेनं मालगुडी संग्रहालय केलंय.

यात भाषा बघा किती. गोष्टी इंग्रजी, मालिका हिंदी, पहिले तेरा भाग हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत. गाव कानडी मुलखातला, नटमंडळी बरीचशी कन्नड, दिग्दर्शक कोकणी घरातला आणि मराठी तालमीत घडलेला. माझं मत असं की एवढ्या भाषांत वावरलेला माणूस शब्दांवर सगळा भार टाकत नाही. एका भाषेतलं बोलणं दुसरीत गेलं की त्याचं काय होतं, हे त्यानं रोज अनुभवलेलं असतं. म्हणून तो प्रसंगच असा बसवतो की आवाज बंद केला तरी कळावा. माझ्या आजीला हिंदी जेमतेम कळायचं. पण स्वामी कधी घाबरलाय, कधी खोटं बोलतोय, हे ती आमच्या आधी सांगायची.

गेली बरीच वर्षं मी बेळगावात टिळकवाडीत उन्हाळी सुट्टीत मुलांची नाटकं बसवतो. आमच्याकडं येणारी मुलं कशी असतात ते आपण जाणताच. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, दारात खेळताना कानडी. काहींचं याच्या बरोबर उलटं. दोन वर्षांपूर्वी कानडी घरातला एक मुलगा आला. मराठी वाक्य आलं की अडखळायचा, कानकोंडा व्हायचा, डोळ्यांत पाणी. त्याची वाक्यं मी कमी करत करत तीनवर आणली आणि हातात एक मोडकी छत्री दिली. म्हटलं, ही नाटकभर उघडायचा प्रयत्न करायचा, उघडली की नाटक संपलं. प्रयोगाच्या दिवशी लोकांचे डोळे त्या छत्रीवरून हलले नाहीत. हे मला कुठल्या शिबिरात कुणी शिकवलं नाही. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसून शिकलो.

मालगुडीनंतर शंकर नाग यांच्या हाती फार वर्षं उरली नव्हती. ३० सप्टेंबर १९९० ला दावणगेरेजवळच्या आनगोडू इथं त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि ते गेले. वय पस्तीस. पस्तिसाव्या वर्षी आमच्याकडं हौशी दिग्दर्शकाला पहिलं मोठं नाटक मिळतं.

ते निघाले होते 'जोकुमारस्वामी'च्या चित्रीकरणासाठी, लोकापूरला. मूळ नाटक चंद्रशेखर कंबारांचं, आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या घोडगेरीच्या लेखकाचं. लोकापूर तर आपल्याला काही लांब नाही. यरगट्टीवरून बागलकोटची गाडी धरली की वाटेतच लागतं. मी त्या गाडीनं कैकदा गेलोय. लोकापूरच्या थांब्यावर गाडी पाच-दहा मिनिटं उभी राहते, लोक चहाला उतरतात. मी उतरत नाही. खिडकीतून त्या काळ्या मातीच्या शेतांकडं बघत बसतो आणि इथं त्यांनी कॅमेरा कुठं लावला असता ते शोधतो.

नमस्कार.