पॅडल दाबलेले, ट्रक सरकतो आहे

(दृश्य : पहाटेची वेळ, मुंबईतला शिवडीचा सिग्नल, केबिनच्या आतून.)

इंजिन चालू आहे, पहिला गिअर टाकलेला आहे आणि चालकाचा डावा पाय क्लचच्या पॅडलवर पूर्ण दाबलेला आहे. अशा स्थितीत क्लच इंजिनला गिअरबॉक्सपासून सोडवतो, त्यामुळे ट्रकने जागचे हलता कामा नये. तरीही समोरच्या टॅक्सीचे मागचे दिवे काचेत हळूहळू मोठे होत आहेत आणि चालकाला उजवा पाय ब्रेकवर टेकवावा लागतो आहे.

हा ट्रक रे रोडच्या दारूखाना या लोखंडबाजारातून पाइप आणि अँगल वाहतो. आठ वर्षे उलटलेल्या मालवाहू वाहनाला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. या ट्रकने ती मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. आधीच्या एका गॅरेजने पॅडलला हातही न लावता गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच बदलण्याचा सल्ला दिला होता. चालकाने तो मानला नाही आणि ट्रक वडाळ्याला आणला.

(दृश्य : वडाळ्याचे गॅरेज. मेकॅनिक ट्रकखाली सरकतात.)

सगळे ज्यांना मामा म्हणतात ते हे मेकॅनिक पाना हातात घेण्यापूर्वी बराच वेळ नुसते पाहत राहतात. आधी क्लच ऑइलचा डबा पाहतात. त्यातली पातळी खुणेवर आहे, पण रंग चहाच्या चोथ्यासारखा काळपट झाला आहे. ब्रेकचे लायनर झिजले की ब्रेक ऑइलची पातळी उतरते. क्लचमध्ये मात्र, स्लेव्ह सिलिंडर (क्लचजवळचा, ऑइलच्या दाबाने हलणारा सिलिंडर) आपले अंतर आपणच जुळवून घेणारा असेल, तर प्लेट झिजताना पिस्टन मागे ढकलला जातो आणि पातळी उलट किंचित चढते. त्यामुळे क्लचच्या डब्यातले ऑइल कमी झाले, तर ते कुठून तरी गळते आहे असेच समजावे लागते. इथे पातळी उतरलेली नाही. बेल हाउसिंगपाशी, म्हणजे क्लचवरच्या आवरणापाशी, असलेल्या स्लेव्ह सिलिंडरचे रबरी बूट मामांनी उलटून दाखवले, तेही आतून कोरडे निघाले. केबिनमध्ये पॅडलमागच्या पत्र्यावरही ओल नाही.

याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. पॅडल दाबले की त्याला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ऑइल पुढे रेटतो, नळीतून तो दाब स्लेव्हपर्यंत पोहोचतो आणि स्लेव्हचा दांडा फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा काटा, ढकलतो. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात मांडलेला नियम तो हाच. मास्टरचा व्यास १९ मिलिमीटर आणि स्लेव्हचा २२ मिलिमीटर धरला, तर दांड्याला मिळणारा जोर सुमारे १.३४ पट होतो, पण त्याचा प्रवास तेवढ्याच प्रमाणात घटतो. एक घनसेंटिमीटर ऑइल जरी मास्टरच्या पिस्टनवरच्या रबरी कपाला ओलांडून मागे डब्याकडे निसटले, तरी स्लेव्हच्या दांड्याची अडीच मिलिमीटरहून अधिक सरक बुडते. थेंबही बाहेर पडत नाही, पातळीही जागेवर राहते आणि प्लेट मात्र पूर्ण सुटत नाही.

(दृश्य : दांड्यावर खडूची रेघ. कॅमेरा स्थिर.)

या शंकेची खात्री करून घेण्यासाठी मामांना एका खडूची आणि एका माणसाच्या पायाची गरज लागली. इंजिन बंद ठेवून त्यांनी चालकाला सांगितले, "दाबून धरा, सोडू नका." दांडा पुढे गेला. त्या जागी रेघ ओढली गेली. पॅडल हललेले नाही, तरी रेघ हळूहळू मागे सरकताना आपल्याला दिसते आहे. दोन-तीनदा झटपट पंप केल्यावर दांडा पुन्हा पुढे जातो आणि धरून ठेवल्यावर पुन्हा मागे येतो. दांडा पूर्ण जाऊन तिथेच थांबला असता आणि तरीही गिअर पडला नसता, तर दोष फोर्क, प्रेशर प्लेट किंवा प्लेटमध्ये शोधावा लागला असता. तशी वेळ आली नाही, आणि गिअरबॉक्स उतरवण्याचे दृश्य या चित्रफितीत नाही ते त्यामुळेच.

(दृश्य : मास्टर सिलिंडर उघडतात. पांढऱ्या कापडावर सुटे भाग.)

बाहेर आलेल्या कपाची कड बोथट झाली आहे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बोटाच्या नखाला लागतील असे खड्डे आहेत. क्लचमध्येही तेच ऑइल असते, बाजारात ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात. ते खनिज तेल नसून ग्लायकॉलपासून केलेला द्रव असतो आणि तो हवेतले पाणी शोषतो. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले, की तीच किमान अट १४० अंशांवर येते. मुंबईच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात वर्षानुवर्षे न बदललेल्या ऑइलने लोखंड गंजवणे यात नवल नाही. (डब्यात चुकून इंजिन ऑइल ओतणारेही असतात, त्याने हेच रबर फुगून निकामी होते.)

खड्डे वरवरचे असते, तर बारीक पॉलिश पेपर फिरवून नव्या किटवर, म्हणजे रबरी भागांच्या संचावर, काम भागले असते. इतक्या खोल खड्ड्यांवर नवे रबर टिकणार नाही, म्हणून मास्टर सिलिंडर पूर्ण बदलला आणि स्लेव्हमध्ये फक्त किट टाकले. दुरुस्ती म्हणजे प्रत्येक जुनी वस्तू वाचवणे नव्हे, आणि मामा त्याबाबत भाबडे नाहीत.

(दृश्य : पारदर्शक नळी, बाटली, बुडबुडे.)

आता हवा काढायची. दाबाने ऑइल आकसत नाही, हवा आकसते, म्हणून एवढासा बुडबुडाही पॅडल पोकळ करतो. पॅडल दाबून धरायचे, स्लेव्हवरचे हवा सोडण्याचे निप्पल सैल करायचे, नळीतून बुडबुडे बाटलीत जाऊ द्यायचे, निप्पल आवळायचे आणि त्यानंतरच पॅडल सोडायचे. घाईने पंप केल्यास ऑइलला फेस येतो. चेसिसवरून गेलेल्या नळीच्या उंच वळणात हवा अडकल्याने काही वेळाने बुडबुडे थांबूनही पॅडल मऊच राहिले. मग मामांनी स्लेव्ह सोडवून निप्पल वर येईल असा धरला आणि पिस्टन हाताने आत दाबला. डब्यात वर आलेला मोठा बुडबुडा म्हणजे तीच अडकलेली हवा. सांडलेले ऑइल रंग खाते, म्हणून पत्रा तेवढ्यात पाण्याने धुतला गेला.

पॅडलच्या दांड्याला मास्टरच्या पिस्टनपाशी मिलिमीटरभर मोकळीक ठेवली आहे. ती न ठेवल्यास डब्याकडे परतण्याचे छिद्र बंद राहते, दाब उतरत नाही आणि क्लच घसरू लागतो.

या सगळ्यात दोन दिवसांचे भाडे बुडाले.

(दृश्य : रात्र, दारूखाना. ट्रक भरलेला.)

खडूची नवी रेघ मिनिटभर जागची हलली नव्हती. आता इंजिन चालू आहे, चालक पॅडल दाबतो आणि रिव्हर्स गिअर खरखर न करता पडतो.